नावाआधीची तीन बोटं

कुणीही नाव लिहायला भांडं दिलं, की अप्पा आधी त्याच्यावर बोटं टेकवायचे. एक, दोन किंवा तीन, माणूस बघून. नाव त्या बोटांच्या पुढून सुरू व्हायचं आणि बोटांखालची जागा कोरी राहायची. नवखं गिऱ्हाईक असलं तर कुरकुर करायचं, "अण्णा, नाव मधोमध घ्या की. असं कडंला कामून घेतलाव?" अप्पा मशीन बंद करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचे. मग म्हणायचे, "राहू द्या. पुढं लागती."

पुढे कशाला लागते, ते त्या माणसाला बहुतेक घरी पोचल्यावर बायकोकडून कळायचं.

माझे वडील भांड्यांवर नावं घालायचे. आमच्याकडे भांड्याशिवाय लग्न लागत नाही आणि नावाशिवाय भांडं घरात ठेवत नाहीत, कारण शेजारी गेलेलं बिननावाचं भांडं परत येईल याची खात्री कुणी देत नाही. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यालगत भांड्यांचं एक दुकान होतं. त्याच्या पायरीवर पोत्याची घडी टाकून अप्पा चाळीस वर्षं बसले. संतपूरच्या बाजारालाही जायचे. सुरुवातीला छिन्नी आणि हातोडी, टिंबाटिंबांची अक्षरं. पुढे विजेची मशीन आली. दातांच्या डॉक्टरकडे ऐकू येतो तसला तिचा आवाज, ऐकणाऱ्याच्या जबड्यात शिरणारा. शाळा सातवीपर्यंतची, पण मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्ही वळणं हातात होती. औरादकडचा कुणी आला तर तेलुगूही रेटून न्यायचे.

कोऱ्या जागेचं त्यांचं माप ठरलेलं होतं. "कै.ला एक बोट पुरतंय. कानडीवाल्यांच्या दि.ला बी एकच. मरहूमला दोन, आणि ती उजव्या अंगाला सोडायची. आपल्या माणसाला मात्र तीन लागतेत." आपल्या म्हणजे आम्हा बौद्धांच्या. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात, आणि शब्द ऐसपैस आहे. "आपलं मरण लांबलचक हाय," असं म्हणून अप्पा स्वतःच हसायचे. पायरीवर दुसरं कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

माणूस वारला की त्याच्या घरचे ते भांडं घेऊन यायचे. अप्पा मोकळ्या जागेत तेवढा शब्द भरून द्यायचे, फुकट. मग ते भांडं तोंडाजवळ घ्यायचे, कुणाच्या कानात बोलावं तसं, आणि त्या शब्दासकट पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाचायचे. वाचून झालं की थोडा वेळ थांबायचे. भांड्यातून काही उत्तर येतंय का बघत असावेत असं वाटायचं.

"गेलेल्याला कळत नसतंय," ते म्हणायचे. "रडारडीत त्याला कोण सांगतंय? तो आपला घरात हिंडत राहातोय, मला कामून कुणी बोलंना म्हणून. सांगावं लागतंय."

आमच्या विहारातल्या वडीलधाऱ्या माणसांना हे अजिबात पटायचं नाही. एकदा चौघंजण मिळून पायरीवर आले. "अण्णा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आपण आत्मा मानत न्हाई."

"मी कुठं आत्मा म्हणायलोय?" अप्पा मशीनची सुई पुसत म्हणाले. "मी नुसतं कळवायचं काम करायलोय."

निघताना त्यांतल्या एकाने पिशवीतून तांब्या काढून हळूच पुढे केला. त्याची आई वारून महिना झाला होता.

मी पहिलीत गेले तेव्हा अप्पांनी मला स्टीलचा पेला आणला आणि त्यावर माझं नाव घातलं. नावाआधी तीन बोटं जागा. तोवर मला वाचता येत नव्हतं म्हणून काही वाटलं नाही. वाचायला यायला लागलं, इतर भांड्यांवर त्या जागेत काय येतं ते उमगलं, आणि माझी पाण्याची वाट लागली. पेला हातात घेतला की मी अंगठा त्या कोऱ्या जागेवर दाबून धरायची आणि मगच प्यायची. जागा उघडी राहिली तर तिथे आपोआप काहीतरी उमटेल अशी भीती वाटायची. ती सवय लग्नानंतरही गेली नाही. आज मी कलबुर्गीला हायस्कुलात विज्ञान शिकवते, पोरांना पुरावा मागायला शिकवते, आणि पाणी पिताना माझा अंगठा अजून जागा शोधतो.

आठ-नऊ वर्षांची असताना एकदा मी हट्टच धरला. आमच्या लग्नपत्रिकांत नवरीच्या नावाआधी आयुष्मती छापतात, ते मी वाचलं होतं. म्हटलं, "अप्पा, माझ्या गिलासवर आयुष्मती लिहा ना. बरोबर तीन बोटं होतंय. मी कागदावर मोजलंय."

"ते पत्रिकेवर लिहितेत. पत्रिका फाटून जाती. भांडं राहातंय. भांड्यावर लिहिलेलं खरं करावं लागतंय, आणि ते माझ्या हातात न्हाई."

मी रडायला लागले. आई आतून आली. "लेकराचं ऐका की वो. कवा तरी चांगला शब्द घाला त्या जागेत. मी धरते गिलास."

"जागा सोडायची असती," अप्पा म्हणाले. विषय संपला.

'मी धरते' हे आईचं रोजचं काम होतं. मशीन हातात थरथरते, भांडं हललं की अक्षर वाकडं जातं. घरी आणलेलं काम आई धरायची. पोत्यावर मांडी घालून बसायची आणि दोन्ही तळव्यांत भांडं असं दाबायची की ते जमिनीत रोवल्यासारखं राहायचं. ताट एकवेळ गुडघ्याखाली दाबून एकट्याला लिहिता येतं. पेला नाही. पेला फिरतो. "गिलास एकट्याचं काम न्हाई," हे अप्पा नेहमी म्हणायचे, आणि आईच्या बाबतीत त्यांच्या तोंडून निघालेलं कौतुक एवढंच.

आईला अक्षरओळख नव्हती. पण कुठलं काम नव्या नावाचं आणि कुठलं त्या शब्दाचं, हे तिला मशीनच्या आवाजावरून कळायचं. त्या शब्दाच्या वेळी ती तोंड भिंतीकडे फिरवून धरायची. उठताना हात राखेने घासून धुवायची. "ह्या हातानं मी किती लोकांला धरून दिलं," म्हणायची.

एकदा चूक झाली, आणि ती आमच्याच भागात होऊ शकते अशी चूक होती. जवळच्या खेड्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ होते. आजोबाही एकच, त्यामुळे आडनावाने फरक पडायचा नाही, आणि बापाचं नाव तांब्यावर मावायचं नाही. थोरला वारला. धाकट्याचा तांब्या कुठल्याशा लग्नात थोरल्याच्या घरी जाऊन राहिला होता, घरच्यांनी तोच आणला. अप्पांनी शब्द भरला, आईने धरला, अप्पांनी तोंडाजवळ घेऊन वाचला. आठ दिवसांनी धाकटा तोच तांब्या हातात घेऊन आमच्या दारात उभा.

अप्पांचा चेहरा उतरला. दोन तास पॉलिश पेपर घेऊन त्यांनी ती जागा घासली. शब्द गेला, पण घासलेला पट्टा बाकीच्या तांब्यापेक्षा जास्त चकाकायला लागला. माणूस तांब्या उलटसुलट बघून म्हणाला, "पुसलाव, बरं केलाव. पण मला तर सांगून बसलाव की अण्णा."

त्यानंतर तो दर बाजाराला येऊन पायरीवर बसायचा. "घरात मी बोललेलं कुणाला ऐकू येईना झालंय," अशी तक्रार करायचा. आई त्याला घरी बोलावून चहा द्यायची आणि सगळं ऐकून घ्यायची. पाठीमागे म्हणायची, "म्हाताऱ्याचं घरात कोण ऐकतंय? ह्याला तांब्याचं कारण कशाला लागतंय?" आम्ही हसायचो. पण मी कॉलेजात असताना तो मला बसस्टँडवर दिसला. मी जयभीम घातला, तर त्याने आधी मागे वळून बघितलं, मी कुणाला म्हणते आहे ते. मागे कुणी नव्हतं. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याला दिसले हीच त्याची चूक झाली असावी. मी बस आलेली नसताना बसकडे गेले.

आई गेली ती भर दुपारी, स्वयंपाकघरात, भाकरीचं पीठ मळता मळता. पुण्यानुमोदनाच्या कार्याला सगळे जमले. तिचं ताट मांडणीवर होतं, त्यावर तिचं नाव आणि नावाआधी तीन बोटं. नातेवाईक वाट बघत होते. अप्पांनी ताट घेतलं, पदराने पुसावं तसं उपरण्याने पुसलं आणि परत मांडणीवर ठेवलं.

"अप्पा, लिहायचं न्हाई का?" मी विचारलं.

"न्हाई. मी तिला सांगितलेलं न्हाई."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा रडू आलं. इतक्या लोकांना कळवणाऱ्या माणसाने एवढं एकच कळवणं टाळलं होतं.

त्यानंतर तीन वर्षं ते घरात एकटे राहिले, म्हणजे माझ्या हिशेबाने एकटे. दुकानदार सांगायचा, अण्णांचं अक्षर वाकडं पडायलंय. पेले आणले तर परत पाठवायचे. मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "धरायला कुणी न्हाई."

"आई असते म्हणताव ना तुमी?" मी जरा चिडूनच बोलले.

"असती. पण माझ्या कामाला हात लावंना. म्हणती, तुमच्या कामात लई लोकांला धरून दिलं, आता बास."

मग ते न्हाणीत घसरून पडले. सकाळी पडले, आणि दुपारी शेजारणीने फटीतून दाराची कडी काढून त्यांना उचललं. पाय मोडला नव्हता, एवढं नशीब. मी धावत गेले. शेजारीण म्हणाली, "अण्णा एकटेच पडून व्हते ग इतका वेळ." अप्पा खाटेवरून म्हणाले, "एकटा कुठं? ही बोलत बसली व्हती की." शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि चहा न पिता गेली.

त्यांना कलबुर्गीला आणायचं ठरलं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. मी चार दिवसांची रजा काढून घर आवरायला गेले. वहीत लिहून नेलं होतं: न्यायचं, द्यायचं, मोडीत घालायचं. तीन ढीग. दुपारपर्यंत अप्पांनी चौथा ढीग सुरू केला.

"हे काय?"

"विचारायचं."

त्या ढिगात परात होती, दोन गोधड्या, उखळ, आईचा पाट, मंजनाच्या डब्यांत भरलेली बटणं. अप्पा त्यातली एकेक वस्तू उचलून स्वयंपाकघरात न्यायचे, जरा वेळ आत उभे राहायचे आणि बाहेर येऊन निकाल सांगायचे. "परात दे म्हणायलीय शेजारणीला. गोधडी न्हाई द्यायची, तिच्या मायची हाय. उखळाचं उद्या सांगती." मी वाद घालायचं सोडून दिलं, कारण निकाल माझ्यापेक्षा भराभर लागत होते आणि, खरं सांगायचं तर, सगळे बरोबर होते. आई असती तर हेच म्हणाली असती.

लोखंडी पेटीची किल्ली सापडत नव्हती. मी अर्धं घर उलथंपालथं केलं. अप्पा आत जाऊन आले. "जुन्या चुलीच्या वैलात बघ म्हणायलीय, राखंत." चूल दहा वर्षांत पेटली नव्हती. मी राखेत हात घातला आणि किल्ली हाताला लागली. त्यांना आधीपासून माहीत असणार, मी स्वतःला सांगितलं. माणूस विसरतो आणि त्याला दुसऱ्याच्या आवाजात आठवतं. हे शास्त्रीय आहे. राख मात्र कोमट होती, आणि त्याचं कारण वरच्या पत्र्यावरचं ऊन असावं असंही मी लगेच ठरवून टाकलं.

दोन पोती भांडी अशी निघाली की ती आमची नव्हतीच. शब्द भरायला टाकलेली आणि कुणी न्यायला न आलेली. दुकानदार म्हणाला, ज्याची त्याला पोचवतो. ज्यांनी नाकारली त्यांची तशीच राहू देतो म्हणाला, माळ्यावर. मोडीत घालायला तोही तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मी येत न्हाई."

"अप्पा, घर रिकामं झालंय."

"घराचं न्हाई मला. ही इथं एकटी राहील. कुणी न्हाई, चूल न्हाई, मांडणी रिकामी. तिला कळायचं न्हाई की आपण कामून गेलाव."

रस्त्यावरून ट्रक गेला की मांडणीवरची भांडी किणकिणायची. आता तिथे एकच ताट होतं, ते एकटंच वाजत होतं. तीन दिवसांचा शीण आणि तो आवाज, माझा तोल गेला.

"मग सांगून टाका तिला. लिहा आणि वाचा. ती बी मोकळी, तुमी बी मोकळे. परत तुमी न्हाणीत पडलाव तर कोण उचलणार हाय? मला तुमी जिवंत पायजेत, अप्पा."

अप्पा उठले. ताट काढून माझ्या हातात दिलं. "मला व्हईना. तू सांग. लिहायची गरज न्हाई, तोंडानं सांगितलं तरी चालतंय. तोंडाजवळ घे आणि वाच, आधी तो शब्द आणि मग तिचं नाव."

मी विज्ञान शिकवते. ताट हे ताट असतं. मी ते तोंडाजवळ नेलं. त्यात माझाच श्वास उमटला आणि विरला. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी ताट खाली घेतलं.

"बघ," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. "तुला बी व्हईना."

मी डोळे पुसले. माठातलं पाणी घेऊन माझ्या जुन्या पेल्यातून प्याले. अंगठा त्या जागेवर गेलाच, कोरी, गुळगुळीत, तीन बोटं. मग म्हटलं, "तिला बरोबर घेऊन चला. ताट घ्या. जिथं ताट तिथं ती."

अप्पांनी ताट उचललं. आत जाऊन आले. "येती म्हणायलीय," ते म्हणाले. मी टेम्पोवाल्याला फोन केला.

निघायच्या सकाळी दुकानदार मशीन न्यायला आला, अप्पांनी ती त्याला देऊन टाकली होती. अप्पा म्हणाले, "जरा थांबा. शेवटचं काम हाय." आणि मशीन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आतून कडी लावली. मी, दुकानदार आणि टेम्पोवाला अंगणात उभे राहिलो. मशीन सुरू झाली. आवाज चढत होता, अडखळत होता. मग बंद. मग अप्पांचा आवाज, ते वाचतात तसा, मोठ्याने, "कालकथित..." आणि नेमका रस्त्यावरून टँकर गेला. पुढचं नाव त्यात बुडालं.

सांगितलं तिला, मी मनात म्हटलं. मला हेच हवं होतं आणि ते झालं तेव्हा मी टेम्पोवाल्याकडे पाठ फिरवली.

मशीन पुन्हा सुरू झाली. या वेळी आवाज अडखळला नाही. एकसारखा, सरळ, पूर्वी घरात यायचा तसा. दुकानदारही मान वर करून ऐकायला लागला. "अण्णांचा हात बसला की पुन्हा," तो म्हणाला. नंतर आत अप्पा काहीतरी वाचत होते, पण हळू आवाजात. बाहेर फक्त गुणगुण ऐकू आली.

कडी निघाली. अप्पांच्या हातात दोन ताटं होती आणि आईच्या जुन्या चोळीच्या कापडात बांधलेलं एक गाठोडं. मशीन दुकानदाराच्या हातात देऊन त्यांनी गाठोडं माझ्याकडे दिलं. "मी हाय तवर उघडू नको."

मी ताटांकडे बघितलं. आईच्या ताटावरची जागा कोरीच होती. शब्द होता तो दुसऱ्या ताटावर, अप्पांच्या स्वतःच्या नावाआधी. वेडावाकडा, काही ठिकाणी दोनदा गेलेला.

"अप्पा! हे काय केलाव?"

"माझ्यामागं कोण लिहिणार? मशीनवाले आता कुठं लिहितेत, छापतेत. आणि वाचणार कोण, तू? तुला तर व्हईना." ते हसले. "मी मला सांगून ठेवलंय. आता मी चुकत न्हाई."

टेम्पोत पुढे बसताना ते टेम्पोवाल्याला म्हणाले, "जरा सरका. तिघं हाव." मी मागे सामानावर बसणार आहे हे त्याला माहीत होतं. तरी तो सरकला. कलबुर्गीला जिना चढताना अप्पा आईचं ताट छातीशी धरून प्रत्येक वळणावर सांगत होते, "जपून. अजून पायऱ्या हायत."

चौदा महिने ते माझ्याकडे राहिले. रोज त्याच ताटात जेवले. पाहुणे आले, की त्यांची नजर पहिल्या घासाला ताटावर जायची आणि मग कुणाला भूक राहायची नाही. माझ्या नवऱ्याने एकदा ते ताट हळूच मागे ठेवून दुसरं वाढलं. अप्पा म्हणाले, "जावईबापू, दुसऱ्याच्या ताटात जेवलं तर मी कोण हे मलाच कळायचं न्हाई." शेजारी आईचं ताट मांडलेलं असायचं, रिकामं. मी पहिल्या आठवड्यात ते उचलायचा प्रयत्न केला. नंतर मीच मांडायला लागले. त्यांचा स्वभाव त्या दिवसांत इतका हलका झाला होता, की माझ्या वर्गातल्या मुलींना बोलावून कानडीत गोष्टी सांगायचे. निरोप मिळालेला माणूस होता तो. त्याला आता कसली घाई नव्हती.

गेले तेही दुपारी, जेवून झाल्यावर, हात धुऊन. त्यांच्या ताटावर लिहायला काहीच उरलं नव्हतं.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली, आणि मी गाठोडं उघडलं. आत माझा पेला होता. सवयीने मी तो उचलला आणि अंगठा त्या जागेवर ठेवला. अंगठ्याला खरखर लागली.

आयुष्मती. बरोबर तीन बोटं. पुढे माझं नाव, शाळेच्या पहिल्या वर्षाचं. आता तिथे दुसरं काही लिहायला जागा नाही.

मी खिडकीत उजेडाला नेऊन बघितलं. अप्पांच्या ताटावरचा शब्द मी चौदा महिने रोज घासला होता, त्यातली प्रत्येक थरथर मला पाठ होती. पेल्यावर थरथर नव्हती. रेघ सरळ, वेलांटी गोल, एकही ठिकाण दोनदा गेलेलं नाही. गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी त्या पेल्यातून पाणी प्याले होते आणि तो कोरा होता. दुसऱ्या सकाळी मशीन घरातून गेली. दाराला आतून कडी होती. पेला फिरतो. पेला एकट्याचं काम नाही.

वर्गात मी पुरावा मागते. हा पुरावा माझ्या मांडणीवर आहे आणि मी तो कुणालाही दाखवलेला नाही.

त्याच्या शेजारी आईचं ताट आहे. जेवताना ते मी माझ्याजवळ मांडते. त्यावरची तीन बोटं तशीच कोरी आहेत. मीही तिला अजून सांगितलेलं नाही.